जपानच्या खेड्यातलं बिनमाणसांचं स्टेशन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तोक्यो-ओसाकात राहणाऱ्या किंवा तिथे फिरायला आलेल्या मराठी माणसाला जपानी रेल्वे चटकन अंगवळणी पडते. कार्ड टेकवायचं, फाटकातून आत जायचं, चार मिनिटांत येणारी गाडी पकडायची, अडलंच तर खिडकीतल्या माणसाला विचारायचं. डोंगरातल्या किंवा समुद्रकाठच्या छोट्या स्टेशनावर मात्र यातलं काहीच नसतं. तिकीट खिडकी नाही, फाटक नाही, विचारायला कुणी नाही, आणि पुढची गाडी कदाचित तीन तासांनी. जपानमधली जवळजवळ निम्मी स्टेशनं आज अशी आहेत. तिकडे त्यांना मुजिन-एकी म्हणतात.

एके काळी यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्टेशनमास्तर होता, पार्सलं उतरत होती, मालगाडीला डबे जोडले जात होते. मग मालवाहतूक रस्त्यावर गेली, सिग्नल दूरच्या नियंत्रण कक्षातून हलू लागले, गावं म्हातारी होत गेली. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेची विभागणी होऊन जेआर कंपन्या झाल्या, त्याच्या आगेमागे असंख्य स्टेशनांवरून माणसं काढून घेतली गेली. इमारत आणि फलाट राहिले. आजही गाडी तिथे ठरल्या मिनिटाला थांबते.

या स्टेशनांवर जावं, अगदी मुद्दाम जावं, असं मला मनापासून वाटतं. पण तिथली रीत आधी समजून घेतली नाही तर दिवस वाया जातो, आणि कधी कधी रात्र उघड्यावर काढायची वेळ येते. म्हणून हा क्रमवार लेख.

## १. पहिल्या खेपेला कोणतं स्टेशन?

सरावासाठी सगळ्यात सोपं म्हणजे वाकायामा प्रांतातलं किशी. वाकायामा स्टेशनच्या ९ नंबरच्या फलाटावरून किशीगावा मार्गाची छोटी गाडी सुटते आणि साधारण अर्ध्या तासात शेवटच्या स्टेशनाला, म्हणजे किशीला पोहोचवते. दिवसभर गाड्या असतात, त्यामुळे एखादी चुकली तरी बिघडत नाही. २००६ मध्ये इथला कर्मचारी काढला गेला आणि २००७ च्या जानेवारीत कंपनीने तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं. तामा २०१५ मध्ये गेली, पण तिची गादी पुढे चालू आहे. २०१० मध्ये बांधलेल्या नव्या इमारतीचं छप्परही मांजरीच्या चेहऱ्याचं आहे. मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा.

समुद्र हवा असेल तर शिकोकू बेटावरचं शिमोनादा. एक फलाट, एक छप्पर, खाली बाकडी आणि समोर इयो-नादा समुद्र. मधून रस्ता जातो, पण फलाटावर बसलं की तो डोळ्यांआड होतो.

डोंगर हवा असेल तर गुन्मा प्रांतातलं दोआई. इथला एक फलाट बोगद्यात, जमिनीच्या पोटात आहे. वर यायला सरळ एका रेषेत ४६२ पायऱ्या, आणि इमारतीपर्यंत आणखी २४. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलं कडेवर असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. लिफ्ट किंवा सरकता जिना नाही.

होक्काइदोतलं कोबोरो पहिल्या खेपेला नको. ते दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत आहे, तिथून गावाकडे जाणारा धड रस्ता नाही आणि थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. दोन-चार स्टेशनं नीट जमली की तिकडे वळा.

## २. परतीची गाडी आधी, जाण्याची नंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपण सवयीने "कितीला पोहोचू" हे बघतो. इथे आधी "शेवटची परतीची गाडी कितीला" हे बघायचं आणि तिथून मागे येत दिवस आखायचा. खरं तर शेवटच्या गाडीवरही बेत बेतू नका, तिच्या आधीची पकडायची ठरवा. म्हणजे काही घोटाळा झालाच तर हातात एक गाडी उरते.

फुकुशिमातला तादामी मार्ग घ्या. आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५.२ किलोमीटर, नदीच्या कडेकडेने. २०११ च्या जुलैत अतिवृष्टीने पूल वाहून गेले आणि आइझु-कावागुची ते तादामी हा तुकडा बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तो थेट १ ऑक्टोबर २०२२ रोजी. मधली अकरा वर्षं स्थानिक लोकांनी आणि प्रांत सरकारने हा मार्ग मरू दिला नाही. त्या तुकड्याचे रूळ आता फुकुशिमा प्रांताच्या मालकीचे आहेत, जेआर फक्त गाड्या चालवते. तिथे दिवसाला जाणाऱ्या तीन आणि येणाऱ्या तीन एवढ्याच गाड्या. मधल्या स्टेशनवर उतरलात आणि एक गाडी हुकली तर संध्याकाळचं सगळं गणित बदलतं.

वेळापत्रक बघताना या गोष्टी तपासा:

- फोनवरच्या नकाशात "निघण्याची वेळ" तुमच्या खऱ्या तारखेची टाका. कामाच्या दिवसांचं आणि शनिवार-रविवार-सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. काही गाड्या फक्त ठरावीक हंगामात धावतात.
- दर मार्चमध्ये जपानभर वेळापत्रक बदलतं. जुना व्हिडिओ किंवा प्रवासवर्णन वाचून वेळ ठरवू नका.
- मार्चच्या त्याच बदलात स्टेशनं कायमची बंदही होतात. होक्काइदोत एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवलं, ही गोष्ट आपल्याकडच्या ग्रुपांवरही खूप फिरली. त्यात कामी-शिराताकीचं नाव येतं, पण ती मुलगी चढत होती क्यू-शिराताकी स्टेशनवर. ही दोन्ही आणि शेजारचं शिमो-शिराताकी २०१६ च्या मार्चमध्ये बंद झाली. ती गोष्ट वाचून आज तिकडे निघालात तर गाडी थांबणार नाही.
- परतीच्या वेळा कागदावर लिहून घ्या किंवा पडद्याचा फोटो काढून ठेवा. दरीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

शिमोनादाला जाणाऱ्यांसाठी खास सावधगिरी. मात्सुयामाहून इयो-ओझुकडे जायला दोन वाटा आहेत. एक उचिकोवरून डोंगरातून, दुसरी नागाहामावरून समुद्राच्या कडेने. शिमोनादा फक्त समुद्राच्या वाटेवर आहे. नेहमीच्या जलद गाड्या उचिकोवरून जातात, आणि काही साध्या गाड्यासुद्धा. गाडीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव एकच असू शकतं, म्हणून चढण्यापूर्वी "शिमोनादा?" असं विचारून मगच पाय आत ठेवा.

## ३. तिकीट, पास आणि कार्ड

सर्वात जास्त लोक अडकतात ते सुइका, इकोका यांसारख्या कार्डांत. शहरात हे कार्ड सगळीकडे चालतं, म्हणून ते देशभर चालेल असं वाटतं. चालत नाही. खेड्यातल्या पुष्कळ मार्गांवर कार्डाचं यंत्रच नसतं, आणि एका विभागात कार्ड टेकवून दुसऱ्या विभागात उतरताही येत नाही. तोक्योत कार्ड टेकवून निघालात आणि दोआईला उतरलात, तर भाडं रोख भरावं लागतं. शिवाय कार्डात "आत गेला, बाहेर आला नाही" अशी नोंद अडकून राहते. ती सोडवून घेईपर्यंत कार्ड पुढे चालत नाही. असं झालंच तर चालकाकडून भाडं भरल्याचा कागद मागून घ्या आणि नंतर कर्मचारी असलेल्या स्टेशनवर दाखवा.

सोपा मार्ग असा: निघण्याच्या मोठ्या स्टेशनवर कागदी तिकीट काढा, शेवटच्या स्टेशनपर्यंतचं. यंत्रावर त्या स्टेशनचं नाव दिसलं नाही तर खिडकीवर जा. फोनवर नाव जपानी लिपीत काढून दाखवलं की बोलावंही लागत नाही.

जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा ठरावीक दिवसांचा रेल्वे पास) असेल तर जेआरच्या साध्या गाड्यांवर तो चालतो, उतरताना चालकाला दाखवायचा. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला. फक्त खेड्यांतल्या गाड्यांसाठी तो घेणं मला पटत नाही. आणि खासगी किंवा स्थानिक कंपन्यांच्या मार्गांवर तो चालत नाही. किशीगावा मार्ग त्यांतलाच.

हातात वेळ असेल आणि साध्या गाड्यांनीच भटकायचं असेल तर सेइशुन-जुहाची हे हंगामी तिकीट बघा. नावाचा अर्थ "तारुण्य अठरा" असला तरी वयाची अट नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचं झालं आहे. पूर्वी पाच दिवस हवे तसे सुटे वापरता येत आणि एकाच तिकिटावर अनेक जण जाऊ शकत. तशा सूचना अजून जागोजागी वाचायला मिळतात, त्या आता लागू नाहीत.

## ४. पिशवीत काय हवं

- १,००० येनच्या नोटा आणि १०, ५०, १०० येनची भरपूर नाणी. ५,००० किंवा १०,००० ची नोट गाडीत जवळजवळ निरुपयोगी. ५०० चं नवं नाणं काही जुनी यंत्रं घेत नाहीत.
- पासपोर्ट, किंवा जपानमध्ये राहत असाल तर रहिवासी कार्ड. जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.
- पाणी आणि खाणं. स्टेशनबाहेर शीतपेयांचं यंत्र असेलही, पण त्यावर भरवसा नको. शाकाहारी असाल तर दशम्या, चिवडा, लाडू असं काहीतरी घरूनच घ्या. मैलोन्मैल दुकान नसतं, आणि असलं तरी तिथल्या भाताच्या गोळ्यांत मासा निघू शकतो.
- कागदी रुमाल. शौचालय असलं तरी कागद असेलच असं नाही. काही ठिकाणी शौचालयच नाही, म्हणून गाडीतलं वापरून मग उतरा. एका डब्याच्या काही गाड्यांत तेही नसतं, तेव्हा मोठ्या स्टेशनवरच उरकून घ्या.
- कचऱ्यासाठी पिशवी. कचरापेटी सापडणार नाही.
- छोटी विजेरी, पावसाचं जाकीट, भरलेली पॉवर बँक.
- डोंगराळ भागात अस्वलासाठी घंटी. दोआईसारख्या ठिकाणी ही गोष्ट गांभीर्याने घ्या.

## ५. गाडीत चढणं, उतरणं आणि पैसे देणं

आपल्याकडे तिकिटाशिवाय गाडीत पाय ठेवणं म्हणजे गुन्हा. बिनमाणसांच्या स्टेशनवर तिकिटाशिवायच चढायचं असतं, कारण तिकीट देणारं कुणी नसतं. भाडं उतरताना द्यायचं. अशा गाड्यांना वानमान म्हणतात. गार्ड नाही, एकटा चालक गाडी चालवतो, दारं उघडतो आणि पैसेही बघतो.

चढताना: पहिल्या डब्याच्या मागच्या दाराशी उभे राहा. दार आपोआप उघडेलच असं नाही, बाजूला बटण असतं, ते दाबा. हिवाळ्यात आत आल्यावर आतलं बटण दाबून दार लावा. डब्यातली ऊब सगळ्यांची असते. दाराजवळच्या छोट्या यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर डोकावत असते, ती घ्या. तिला सेइरिकेन म्हणतात आणि तिच्यावर एक आकडा छापलेला असतो. हातात आधीच तिकीट किंवा पास असला तरी मी ही चिठ्ठी घेते. ती हरवली तर तुम्ही कुठून चढलात याला पुरावा राहत नाही आणि गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

बसताना: गाडी दोन डब्यांची असेल तर पहिल्याच डब्यात बसा. बिनमाणसांच्या स्टेशनवर बहुधा पहिल्याच डब्याची दारं उघडतात. मागच्या डब्यात बसून निवांत खिडकीबाहेर बघत राहिलात तर तुमचं स्टेशन येतं, गाडी थांबते, तुमच्यासमोरचं दार बंदच राहतं आणि गाडी सुटते. सामान मोठं असेल तर एक स्टेशन आधीच पुढच्या दाराकडे सरका.

भाडं: चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर आकड्यांचे चौकोन आणि प्रत्येकाखाली रक्कम. तुमच्या चिठ्ठीवर ४ असेल तर ४ च्या चौकोनाखालची रक्कम द्यायची. गाडी पुढे जाईल तशी ती वाढत जाते.

उतरताना: पहिल्या डब्याच्या पुढच्या दाराने, चालकाच्या बाजूने. तिथे काचेची पेटी असते. चिठ्ठी आणि नेमके पैसे तिच्यात टाकायचे. ही पेटी सहसा उरलेले पैसे परत देत नाही. ३८० येन भाड्याला १,००० ची नोट तशीच आत गेली तर चालकाची आणि तुमची दोघांची पंचाईत होते. पेटीच्या शेजारीच सुटे करून देणारं यंत्र असतं. नोट आधी त्यात घाला, खाली पडलेली नाणी मोजा आणि मग भाडं पेटीत टाका. हे काम स्टेशन यायच्या बरंच आधी, गाडी मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर थांबलेली असताना उरका. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नका.

कागदी तिकीट असेल तर ते चिठ्ठीसकट पेटीत टाका. आठवण म्हणून ठेवायचं असेल तर आधी चालकाला विचारा.

मोठ्या, कर्मचारी असलेल्या स्टेशनवर रीत बदलते. तिथे सगळी दारं उघडतात आणि पैसे फाटकाशी द्यायचे असतात.

## ६. उतरल्यावर

सगळ्यात आधी फलाटावर लावलेलं वेळापत्रक बघा आणि आपल्या वहीतल्या वेळेशी ताडून घ्या. मग परतीची गाडी कोणत्या फलाटावर येते ते शोधा. दोआईला हे फार महत्त्वाचं आहे. मिनाकामीहून एचिगो-युझावाकडे जाणारी गाडी बोगद्यातल्या फलाटावर थांबते, उलट दिशेची वर उघड्यावर. म्हणजे तोक्योकडून आलात तर येताना पायऱ्या चढाल आणि जाताना वरूनच गाडी मिळेल. पुढे निगाताकडे जायचं असेल तर मात्र खाली उतरायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. इथे कर्मचारी होते तेव्हा त्या फलाटाची तिकीट तपासणी गाडीच्या दहा मिनिटं आधीच बंद केली जायची, ती याच कारणाने. उन्हाळ्यातही खाली गारठा असतो आणि पायऱ्या ओलसर असतात.

फोटो काढताना पिवळ्या उंचवट्याच्या पट्टीच्या आत राहा. गाडी दिवसातून पाचच वेळा येते म्हणून रुळावर उतरायचं नाही. बिनाथांबा जाणाऱ्या गाड्या आणि मालगाड्या तुमच्या वेळापत्रकात दिसत नाहीत. दोन फलाटांच्या मधून जायला रुळांवर पायवाट असेल तर ती वापरा, आणि थांबून दोन्हीकडे बघून मगच ओलांडा.

आतल्या खोलीत बाकावर घरी शिवलेल्या उशा, ताजी फुलं, झाडलेली जमीन दिसेल. हे रेल्वे कंपनी करत नाही, बहुतेक वेळा गावातली म्हातारी माणसं करतात. शिमोनादाच्या लोकांनी तर १९८० च्या दशकातच फलाटाला रंगमंच करून सूर्यास्ताच्या वेळी मैफल भरवायला सुरुवात केली. स्टेशन बंद पडू नये यासाठी ती धडपड होती. आज तिथे येणाऱ्यांतले पुष्कळ जण मोटारीने येतात, फोटो काढतात आणि जातात. रेल्वेच्या खात्यात त्याचा एक येनही जमा होत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, स्टेशन बघायला रेल्वेनेच जा. आणि गावात एखादं दुकान किंवा चहाची जागा दिसली तर तिथे काहीतरी विकत घ्या. दोआईच्या जुन्या कचेरीत आता कॉफीचं दुकान आहे, पायऱ्या चढून आल्यावर तिथे बसायला फार बरं वाटतं.

बऱ्याच ठिकाणी खोलीत एक वही ठेवलेली असते, एकी नोट. येणारे-जाणारे तिच्यात दोन ओळी लिहितात. मराठीत लिहा, तारीख घाला. पानं फाडू नका, मधल्या जागा वाया घालवू नका.

## ७. गाडी आलीच नाही तर

जोराचा पाऊस, बर्फ, वारा, रुळावर आलेलं हरीण, अशा कारणांनी गाडी उशिरा येते किंवा रद्द होते. स्टेशनवर सांगणारं कुणी नसतं. काही ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून जपानीत घोषणा होते. फोनवरचं भाषांतर लावून ती ऐका. भिंतीवर कंपनीचा दूरध्वनी क्रमांक असतो, कुठे बटण दाबून बोलायचं यंत्रही असतं.

"उनक्यू" म्हणजे गाडी रद्द. "दाइको बास" म्हणजे तिच्या बदल्यात बस. ही बस फलाटाशी येत नाही, स्टेशनसमोरच्या रस्त्यावर थांबते. रुळाकडे डोळे लावून बसाल तर मागून ती निघून जाईल.

दुसरी वाट घरून निघतानाच शोधून ठेवा. दोआईहून मिनाकामीकडे बस जाते. शिमोनादाजवळून मोठा रस्ता जातो. टॅक्सी स्टेशनबाहेर उभी नसते, फोन करून बोलवावी लागते आणि ती दूरच्या गावातून येते. वादळाचा किंवा मोठ्या बर्फाचा इशारा असेल त्या दिवशी निघूच नका. कंपन्या आदल्या दिवशीच गाड्या रद्द झाल्याचं जाहीर करतात.

## ८. परतताना

गाडीच्या दहा मिनिटं आधी फलाटावर उभे राहा, चालकाला दिसाल असे. खोलीत बसून राहिलात तर कुणी चढणारं नाही असं समजून तो वेळेवर गाडी सोडू शकतो. पुन्हा मागच्या दाराने चढा आणि चिठ्ठी घ्या.

मोठ्या स्टेशनवर पोहोचल्यावर चिठ्ठी यंत्राच्या फाटकात घालू नका, अडकेल. फाटकाच्या कडेला माणूस बसलेला असतो तिकडे जा, चिठ्ठी पुढे करा आणि स्टेशनचं नाव लावून म्हणा, "दोआई कारा नोरिमाशिता", म्हणजे दोआईहून चढलो. तो भाडं सांगेल, तिथेच भरा. मध्ये गाडी बदलली असेल तरी पहिलीच चिठ्ठी दाखवायची. सकाळी कार्डाची नोंद अडकली असेल तर चालकाने दिलेला कागद आणि कार्ड त्याच खिडकीत द्या. तो सकाळचा प्रवास पुसून देईल आणि पुढच्या गाडीसाठी कार्ड मोकळं होईल.